आहेराविना मांडव

नामदेवभाऊ खरात यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्याच दुकानात, आणि खरे सांगायचे तर त्या भेटीत ते मला मुळीच आवडले नाहीत. गौरवग्रंथात असे लिहू नये, असे संपादक मंडळींनी मला बजावले आहे. पण ज्या गृहस्थांनी साठ वर्षांत कोणाला खोटे गोड बोलून दाखवले नाही, त्यांच्याविषयी लिहिताना मीही सरळच लिहावे हे बरे.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल. बुलढाण्याच्या बाजारातले आमचे कापडाचे दुकान वडिलांच्या हातून नुकतेच माझ्या हाती आले होते. लग्नसराईच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी, देऊळघाटचे एक बागाईतदार आत आले. डोक्याला रुमाल, खांद्यावर भाजीचे रिकामे पोते, आणि हातांवर वांग्यांच्या काट्यांचे ओरखडे. त्यांना बायकोसाठी लुगडे हवे होते. मी बरीच उलगडून दाखवली. लाल काठाचे एक हिरवे त्यांच्या मनात भरले. त्यांनी काठावरून बोट फिरवले, भाव विचारला, कनवटीला हात घातला आणि तसाच बाहेर काढला. थोडेसेच कमी पडत होते.

मी दुकानदाराच्या सवयीने म्हणालो, "घेऊन जा ना भाऊ, पुढच्या बाजारी देजा. पैसा कुठं पळून चालला?"

त्यांनी लुगड्याची घडी स्वतःच्या हातांनी होती तशी घातली आणि माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "नाई शेटजी. उधारीचं लुगडं नेसलं का बाई घरात वावरते, पन लुगड्याचा मालक दुकानातच बसेल राह्यते. मले सस्त्यातलं दाखवा."

मी सस्त्यातले दाखवले, त्यांनी रोख पैसे दिले आणि ते निघून गेले. मला मात्र राग आला. आमच्या वडिलांचे म्हणणे असे, की रोखीचे गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा आणि उधारीचे गिऱ्हाईक म्हणजे घरचा माणूस. पाहुणा आज येतो, उद्या दुसऱ्याच्या ओसरीवर बसतो. उधारीवाला कुठे जातो? या माणसाने माझ्या घरचा होण्याचे निमंत्रण घडी घालून परत केले होते. पुढे पंधरा वर्षे ते दरसाल आमच्याकडेच येत राहिले आणि दरसाल पाहुणेच राहिले. असा पाहुणा मला दुसरा मिळाला नाही.

उधारीचा त्यांना एवढा तिटकारा का, हे पुढे ओळख वाढल्यावर त्यांच्याच तोंडून कळले. नामदेवभाऊंचे लग्न झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी गावाला बुंदीचे लाडू घातले. दोन पंगती, वाजंत्री, सगळे थाटात. पैसा अर्थातच बाहेरचा. ते देणे फेडता फेडता वडील गेले आणि ओझे नामदेवभाऊंच्या खांद्यावर आले. ते सांगतात, "माह्या लग्नातले लाडू गावानं एका बैठकीत खाल्ले, शेटजी. माहा पोरगा चालाले लागला, बोलाले लागला, तरी आमी ते लाडूच फेडून राह्यलो होतो." हे सांगताना ते हसतात. शेजारी बसलेल्या सुभद्राबाई हसत नाहीत. ज्या लाडवांपायी त्यांच्या गळ्यातली पोत गेली, त्यांतला एकही त्यांच्या वाट्याला आला नव्हता, कारण नवरीला त्या दिवशी ताप होता.

शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी दोघांनी मळ्यातल्या विहिरीवर हातपाय धुतले आणि ठरवले, की या घरात पुन्हा बाहेरचा पैसा येणार नाही. शपथ नाही, नवस नाही, नारळ नाही. सुभद्राबाई म्हणतात, नारळाला तरी पैसे कुठे होते!

कर्ज न काढणे ही गोष्ट सभेत सांगायला फार सोपी आहे. घरात पाळायची म्हणजे काय, हे मी त्या घरी जाऊन येऊन पाहिले आहे. छपराचा पत्रा फुटला तर पुढची वांगी निघेपर्यंत त्याखाली घमेले राहायचे. पोरांच्या अंगावर थोरल्याचे कपडे धाकट्याला असे उतरत यायचे, की धाकटी कमल थेट दादाच्या सदऱ्यात शाळेत जायची. सुभद्राबाई शेजारणीकडून विरजणाचे बोट आणायच्या, तर दुसऱ्या दिवशी दह्याची वाटी परत गेलीच पाहिजे. शेजारीणही कंटाळली. गावात सगळ्यांची दिवाळी झाली की पाच-सहा दिवसांनी, भाजीचे पैसे हाती आल्यावर, या घरात करंज्या तळल्या जायच्या. कमल लहान असताना मला म्हणाली होती, "काका, सगळ्याईच्या घरी दिवाळी मोटारीनं येते, आमच्या घरी पायी येते."

एका बाबतीत मात्र माझे आणि भाऊंचे कधी जमले नाही, आणि ते मी इथे नोंदवणारच. शिवारात विहिरींवर इंजिने आली, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा विठ्ठल याने इंजिनासाठी कर्ज काढू या म्हणून हट्ट धरला. कर्ज मिळत होते, सही करायचाच अवकाश होता. भाऊंनी साफ नाही म्हटले. बापलेकांचे बोलणे थांबले. सुभद्राबाई मधे उभ्या राहून याचा निरोप त्याला आणि त्याचा याला पोचवीत. मोटेने भिजत नव्हता तो मळ्याचा अर्धा तुकडा दोन उन्हाळे पडीक राहिला. माझे मत तेव्हा विठ्ठलच्या बाजूने होते आणि आजही आहे. कर्ज काढून माणूस बुडतो तसा वरही येतो, नाहीतर आमची सगळी पेठच बुडाली असती. अखेर इंजिन रोखीने आले, पण उशिरा आले. ते सुरू झाले त्या दिवशी भाऊंनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि चार माणसांत म्हणाले, "तुह्यं खरं होतं रे. पन मले भेव वाटत होतं." विठ्ठलने मान फिरवून डोळे पुसले. असा बाप मिळायला भाग्य लागते, एवढेच मी म्हणेन.

आता त्यांच्या दुसऱ्या कामाकडे वळतो, ज्यामुळे पंचक्रोशी त्यांना ओळखते. लग्नाचे देणे फेडण्यासाठी चार पैसे जास्त मिळावेत म्हणून ते सराईच्या दिवसांत आचाऱ्याच्या हाताखाली भाज्या चिरायला जाऊ लागले. पुढे तेच आचारी झाले. त्यांच्या हातची वांग्याची भाजी ज्याने खाल्ली नाही त्याला मी ती शब्दांनी काय खाऊ घालणार? मळा त्यांचा, वांगी त्यांची, आणि कढईजवळ दुसऱ्या कोणाला उभे राहू देणार नाहीत असा त्यांचा दंडक. पंगत बसली की हे गृहस्थ वाढप्यांच्या मागून पत्रावळींकडे पाहत फिरणार. कोणी भाजी बाजूला सारलेली दिसली की त्यांचे तोंड उतरायचे.

पण भाऊंची खरी ख्याती भाजीची नव्हे, एका प्रश्नाची आहे. लग्नघरचा माणूस सांगायला आला की ते त्याला आधी पाणी देत आणि विचारत, "पैसा घरचा हाये का बाहेरचा?" घरचा असेल तर म्हणाल ते रांधून देत. बाहेरचा म्हटले की यजमानाने ठरवलेले पदार्थ एकेक करून गळू लागत. आधी बुंदी जाई, मग जिलबी जाई, मग दुसऱ्या दिवशीची पंगत जाई. उरत वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी आणि गुळाचा शिरा. कोणी तणतणला, तर म्हणत, "मंग दुसरा आचारी पाहा बाप्पा. मी उधारीच्या लाकडानं चूल पेटवत नाई."

देऊळघाटचाच श्रावण नावाचा एक तरुण बहिणीच्या लग्नासाठी साखरेची पोती उधारीवर उचलून घेऊन आला होता. भाऊंनी त्याच गाडीत ती पोती परत चढवली आणि गाडीवर स्वतः बसून बुलढाण्याला किराणावाल्याकडे पोचवली. श्रावण मागे धावत होता, "भाऊ, लोक काय म्हनतीन?" भाऊंनी गाडीवरून सांगितले, "लोक शिऱ्याले चांगलं म्हनतीन. करून तं पाहू दे!" आणि लोकांनी म्हटले. त्या दिवशी तो किराणावाला माझ्या दुकानात येऊन बसला आणि आम्ही दोघांनी नामदेवभाऊंच्या नावाने यथेच्छ बोटे मोडली. व्यापाऱ्याच्या पोटावर पाय देणारा हा कुठला आचारी! अशी ती वेळ होती.

मरणाच्या घरी मात्र ते हा प्रश्न विचारीत नसत आणि मजुरीही घेत नसत. माझे वडील गेले तेव्हा तेरवीच्या दिवशी भाऊ सकाळीच आमच्या परसात हजर झाले. निरोप मी पाठवला नव्हता. दिवसभर रांधले, सगळे जेवल्यावर हात धुऊन निघाले. मी पाकीट पुढे केले तर म्हणाले, "मरनाच्या घरचं घेत नाई मी. शेटजी, तुमचे बाबा मले दर खेपी पाटावर बसवत होते, खाली नाई." मी तेव्हा रडलो, आणि वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो तो त्या क्षणी. तेव्हापासून मात्र भाऊ दुकानात आले की मला अवघडल्यासारखे होई. हा माणूस माझे काही घेत नाही, आणि त्याचे माझ्याकडे राहिले आहे, असे सारखे वाटे. असे वाटणारा मी एकटाच नव्हतो, हे मला पुढे कळायचे होते.

धाकट्या कमलचे लग्न ठरले ते घाटाखाली, वडनेर भोलजीला. घर चांगले, मुलगा समजूतदार, देण्याघेण्याची अडवणूक नाही. एका पंगतीपुरते पैसे भाऊ आणि सुभद्राबाईंनी काही वर्षांपासून बाजूला ठेवले होते. सगळे सुरळीत होते. मग एके दिवशी भाऊ दुकानात आले, कमलसाठी शालू रोखीने घेतला, आणि जाता जाता म्हणाले, "शेटजी, या लग्नात मी आहेर घेनार नाई. कोनाचाच."

माझ्या हातातला कापड मोजायचा गज तसाच राहिला. आहेर म्हणजे काय हे पेठेतल्या माणसाला विचारा. आमचे निम्मे वर्ष आहेरावर चालते. खण, लुगडी, टोप्या, उपरणी. हे कापड कोणी अंगावर घालत नाही, ते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जात असते. आमच्या दुकानातून गेलेला एक जांभळा खण कितीतरी लग्नांतून फिरत अखेर माझ्याच बहिणीच्या लग्नात आहेर म्हणून आला होता, कोपऱ्यावर वडिलांच्या हातची खूण तशीच. भाऊंचे म्हणणे असे, की आहेर हे बिनकागदाचे कर्ज आहे. "आज घेतला का उद्या त्याच्या मांडवात फेडाव लागते, अन् फेडतानी थोडा वरतून द्याव लागते. गावभराचा आहेर घेतला तं मी मरेलोक फेडत बसन. लाडू गेले अन् खन आले, फरक काय?"

तर्क बिनतोड होता. फक्त गाव तर्काने चालत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी वसुलीसाठी देऊळघाटला गेलो होतो. पारावर माणसे जमली होती आणि भाऊ अक्षता घेऊन आवतण द्यायला आले होते. आमच्या भागात लग्नाचे चूलबंद आवतण देतात, म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरी जेवायचे. भाऊंनी बळीराम पाटलांच्या हातात अक्षता ठेवून म्हटले, "चूलबंद आवतन हाये पाटील. पन आहेर आनू नका."

पाटील वयाने आणि मानाने गावात थोर. त्यांनी अक्षता तशाच मुठीत धरून विचारले, "काऊन? आमचा खन तुह्या पोरीले टोचते का?"

"तसं नाई पाटील. मले देनं ठेवाचं नाई कोनाचं."

"म्हंजे आमी परके?" पाटलांचा आवाज चढला. "तू आमच्या घरी रांधलं, आमी जेवलो. आता आमी दोन हात कापड आनतो म्हनलं तं तुले ते नको. मंग आमालेबी तुह्या मांडवातलं जेवन नको." त्यांनी अक्षता भाऊंच्या हातात परत दिल्या. पाहता पाहता, आधी अक्षता घेतलेल्या बाकीच्यांनीही दिल्या. कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही. एकामागून एक मुठी उघडल्या आणि मिटल्या. भाऊंच्या उपरण्यात लाल तांदळांचा ढीग झाला.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. तिथे आणखी एक पाहुणा वाट पाहत होता. वडनेरच्या व्याह्यांनी माणूस पाठवला होता. आहेर नाकारल्याने गाव रुसले आहे, अशी कुजबूज आधीच घाटाखाली पोचली होती. निरोप सरळ होता आणि मला तो वावगाही वाटला नाही. गाव जर मांडवात येणार नसेल, तर वरात कोणाच्या दारी आणायची? ज्या घराशी गाव बोलत नाही त्या घराची मुलगी करावी का, असे त्यांच्या घरातली थोरली मंडळी विचारू लागली होती. दोन दिवसांत काय ते कळवा, नाहीतर आम्हाला मोकळे करा. कमल आतल्या दाराशी उभी होती. तिने सगळे ऐकले आणि ती चुलीपाशी जाऊन बसली.

भाऊ म्हणाले, "मी चुकलो काय शेटजी? मी कोनाचं काई मागतलं का?" आहेर घ्या म्हणावे तर माझ्या धंद्याचा वास येणार.

उत्तर सुभद्राबाईंनी दिले. त्या सहसा पाहुण्यांसमोर नवऱ्याला बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी कोनाचं मागतलं नाई, हेच तं चुकलं," त्या म्हणाल्या. "पाटलाचा बाप मेला, तुमी रांधलं, पैसा घेतला नाई. श्रावनची माय मेली, पैसा घेतला नाई. या शेटजीच्या बाबाचंबी तसंच. ते लोक तुमच्यापुढं मान वर करून बोलत नाईत, दिसते का तुमाले? आपल्या घरानं कोनाचं ठेवलं नाई, पन गावावर आपलं ठेवलं. देनं नको म्हनता ना? मंग येनं कायले ठेवता?"

माझ्या मनातले, मला कधी नीट सांगता न आलेले, त्या बाईने जसेच्या तसे उचलून समोर ठेवले होते. भाऊंना कर्जाची भीती होती हे सर्वांना ठाऊक होते. पण कोणाचेही काही न घेता सगळ्यांना देत राहण्यात त्यांना एक सुख होते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावे.

"मंग करू काय?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारले.

"मोकळं करा लोकाईले. रांधू द्या त्याईले आपल्या पोरीसाठी."

"लोकाच्या हातानं पोरीचं लगन? हसतीन मले."

"हसू द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "हसाले तरी येतीन."

भाऊ उठले. तसेच, त्याच अक्षता उपरण्यात घेऊन, पाटलांच्या वाड्याकडे निघाले आणि मी मागे मागे. पाटील ओसरीवर होते. त्यांनी या म्हटले नाही. भाऊ पायरीवर उभे राहून म्हणाले, "पाटील, आहेराचं माहं म्हननं तेच हाये. पन तुमच्या बाबाच्या तेरवीले मी रांधलं होतं. त्याचं देनं तुमी मले लागता. ते मागाले आलो."

पाटील पाहतच राहिले. "आता मागतो? इतक्या वर्षानं?"

"हाव. आता मागतो. अन् व्याजासकट मागतो."

"बोल. काय पायजे?"

"माह्या पोरीच्या लग्नात तुमी रांधा. मी कढईले हात लावत नाई. आवतन चूलबंद नाई, पाटील. घरोघरच्या चुली पेटू द्या. पोळ्या तुमच्या घरच्या, मांडवातलं रांधनं तुमच्या हातचं. वांगे माह्या मळ्यातले. ज्याच्या ज्याच्या घरी मी रांधलं, त्यानं त्यानं येऊन फेडाव अन् मोकळं व्हाव."

पाटलांचे पोट हलू लागले, आणि ते इतके हसले की आतून पाटलीणबाई धावत आल्या. "अबे, मले साधा चहा करता येत नाई!" ते म्हणाले. भाऊंनी उत्तर दिले, "नाई येत तं नाई येत. खाऊ आमी." पाटलांनी हात पुढे केला आणि अक्षता घेतल्या. या वेळी त्यांचे डोळे ओले होते, हे मी पायरीवरून पाहिले आहे. घाटाखालच्या माणसाबरोबर निरोप गेला, की वरात आणा, गाव मांडवात आहे.

लग्नाच्या दिवशी सगळ्या देऊळघाटातून धूर निघत होता. आयाबाया डोक्यावर पोळ्यांच्या टोपल्या घेऊन मांडवाकडे येत होत्या. कोणाच्या पोळ्या जाड, कोणाच्या करपलेल्या, एकीच्या तर चक्क भाकरीच होत्या. कापडाला कात्री लावणाऱ्या माझ्या हातांना वांगी चिरायचे काम मिळाले आणि तासाभरात ते हात नामदेवभाऊंच्या हातांसारखे दिसू लागले. श्रावण शिऱ्यावर होता. वरणाच्या हंड्यापाशी धोतर खोचून साक्षात बळीराम पाटील.

आणि भाऊ? त्यांना कोऱ्या धोतरात, फेटा बांधून, बाजेवर बसवले होते. बाजेवरून उठायचे नाही, ही सर्वांची अट. इतकी कठीण शिक्षा मी कोणाला झालेली पाहिली नाही. वाऱ्याबरोबर वास आला की त्यांची मान वळे. फोडणी लवकर पडली की पाय खाली येत. मग वरण लागल्याचा वास आला. भाऊ ताडकन उठले. हळदीच्या अंगाने बसलेली कमल तिथूनच म्हणाली, "बाबा, बसा. लागू द्या." ते बसले.

वरात आली, अक्षता पडल्या, पंगत बसली. वडनेरच्या व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. वरणाला धुराचा वास, भाजीत मीठ दोन जणांनी घातलेले. त्यांनी विचारले, "भाऊ, तुमच्या हातची लय कीर्ती आयकली होती. हे रांधलं कोनं?"

हातात पळी घेऊन उभे असलेले पाटील पुढे आले. "आमी रांधलं. साऱ्या गावानं. गोड मानून घ्या."

व्याह्यांनी पाटलांच्या कपाळावरची काजळी पाहिली, मांडवाबाहेर ओळीने ठेवलेल्या टोपल्या पाहिल्या, आणि मग बाजेवरच्या माणसाकडे पाहिले. म्हणाले, "वाढा अजून. अशा गावची पोरगी नेतो म्हंजे आमीच मोठे झालो." आणि ते लागलेले वरण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. त्या पंगतीत कोणाच्याही पत्रावळीवर भाजी उरली नाही.

वरात परत निघाली तेव्हा कमल सुभद्राबाईंच्या गळ्यात पडून रडली, आणि मग, रिवाज नसताना, ओळीने उभ्या असलेल्या बायांच्याही गळ्यात पडली. ज्यांनी ज्यांनी पोळ्या आणल्या होत्या त्या साऱ्या रडत होत्या. गाड्या शिवाराबाहेर दिसेनाशा झाल्यावर पाटलांनी हात धुतले, उपरण्याला पुसले आणि भाऊंना म्हणाले, "चाल नामदेवा. आता फिटलं आपलं."

भाऊंनी मान हलवली. म्हणाले, "तुमचं फिटलं, पाटील. आता माह्यावर चढलं." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "अन् राहू द्या. हे मले जड नाई वाटत."

ज्या माणसाने विरजणाचे बोट एका रात्रीपलीकडे घरात ठेवले नव्हते, त्यांनी ते देणे इतकी वर्षे सुखाने सांभाळले आहे. देऊळघाटात कोणाच्याही घरी मांडव पडला की ते आधी जाऊन बसतात, आणि गावातल्या घराघरातूनही कोणी तरी पीठ मळायला, लाकडे फोडायला आपणहून येते. आहेराचे कापड गावात फारसे खपत नाही. माझा धंदा थोडा बसला. त्याबद्दल मी भाऊंना क्षमा केली आहे, असे इथे जाहीर करतो.

साठीच्या सत्काराला होकार घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा ते नकोच म्हणत होते. सुभद्राबाईंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "बरं बाप्पा. गावाचं माह्यावर हाये, नाई कसं म्हनू?"

साठी बुद्धी नाठी असे म्हणतात. भाऊंच्या बाबतीत ते खरे ठरण्याची चिन्हे नाहीत, आणि वांग्याची भाजीही अजून तशीच आहे. गजानन महाराज त्यांना आणि सुभद्राबाईंना धडधाकट ठेवोत. गावाचे जे त्यांच्यावर चढले आहे ते त्यांनी सावकाश फेडावे, एकेका मांडवात थोडे थोडे, हवी तर शंभर वर्षे लावावीत. मी जन्माचा उधारी देणारा माणूस आहे, वसुली कशी करतात ते मला चांगले ठाऊक आहे, आणि गावाच्या वतीने त्यांना एवढेच सांगतो, की या वसुलीची आम्हाला मुळीच घाई नाही.